इंजिनाच्या टाकीतून आलेला मासा

१. सन १८५४. अमेरिकेतील बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे एक इंजिन अ‍ॅलेघेनी पर्वतरांग ओलांडून पूर्वेकडे निघाले आहे. इंजिनामागे बाष्पकासाठी पाणी वाहून नेणारी टाकी असते. त्या टाकीत भोके पाडलेली एक बादली सोडलेली आहे आणि बादलीत सुमारे तीस जिवंत मासे आहेत. श्रायव्हर नावाच्या एका हौशी गृहस्थाने ते ओहायो नदीच्या खोऱ्यातून आणले होते. कंबरलँड येथे ते कालव्यात सोडण्यात आले, कालव्यातून पोटोमॅक नदीत शिरले आणि काही वर्षांतच दूरवर पसरले. तो मासा होता ब्लॅक बास. त्यापूर्वी पोटोमॅकमध्ये तो नव्हता.

२. आज त्या नदीवर गळ टाकणाऱ्या कित्येकांना बास हा तिथलाच, अनादिकालापासूनचा रहिवासी वाटतो. अमेरिकेतील असंख्य ओढ्यांमधल्या ट्राउटची गोष्टही तीच. या सूत्रात मला एकच प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासायचा आहे: गेली पावणेदोनशे वर्षे ज्याला आपण मासळीचे ‘संवर्धन’ म्हणत आलो, ते नेमके कशाचे संवर्धन होते? नदीचे, की आपल्याला धरायला आवडणाऱ्या माशाचे? अखेरीस हा प्रश्न पुण्याच्या मुळा-मुठेपर्यंत येऊन पोहोचतो; तोवर वाचकांनी धीर धरावा.

३. प्रथम पात्रपरिचय. ट्राउट हा थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या वाहत्या पाण्याचा मासा. ब्रुक ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, रेनबो ट्राउट प्रशांत महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा, तर ब्राऊन ट्राउट युरोपातला. ब्लॅक बासचे मूळ घर म्हणजे मिसिसिपीचे खोरे आणि पंचमहासरोवरांचा परिसर. त्याची लहान तोंडाची जात खडकाळ, वाहत्या पाण्यात रमते. मोठ्या तोंडाची जात संथ, पाणवनस्पतींच्या पाण्यात. दोघांचा समान गुण असा की गळाला लागल्यावर ते जिवाच्या आकांताने झुंजतात. त्यांचे भाग्य आणि इतर माशांचे दुर्भाग्य याच एका गुणाने ठरवले.

४. कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात, ते पोटासाठी असते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी मध्यमवर्गाने त्याचा छंद केला आणि छंदामागोमाग साधने आली. केंटकीतील जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने शतकाच्या आरंभी दातेरी चक्रांचे रीळ घडवले. मूठ एकदा फिरवली की दोर गुंडाळणारी फिरकी अनेकदा फिरे. ते बाससाठीच होते. ट्राउटसाठी बांबूच्या चिरफळ्या एकमेकींना चिकटवून बनवलेली लवचीक काठी आली. मेन राज्यातील हायरम लिओनार्ड हा तिच्या नामवंत कारागिरांपैकी एक. या काठ्यांसाठी प्रारंभी जो बांबू वापरला जाई तो हिंदुस्थानातून जाई आणि ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जाई. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. काठीच्या टोकाला रेशमी दोर आणि दोराच्या टोकाला पिसे-केसांची बांधलेली कृत्रिम माशी.

५. साधने सुधारत होती, पण मासे संपत होते. ज्यांच्या ग्रंथांनी पुढे पर्यावरणविचाराचा पाया घातला ते जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी १८५७ मध्ये व्हरमाँट राज्यासाठी मत्स्योत्पादनावर एक अहवाल लिहिला. मासे घटण्याचे कारण केवळ अतिरेकी मासेमारी नव्हे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. जंगले तुटली, त्यामुळे ओढ्यांवरची सावली गेली. पाऊस पडताच पूर आणि पाऊस सरताच कोरड, असे नद्यांचे वागणे झाले. गिरण्यांच्या बांधांनी माशांच्या वाटा अडवल्या. परंतु जंगले पुन्हा उभी करणे किंवा गिरण्या हटवणे त्या काळी कोणाला शक्य वाटत नव्हते. मग उरला तो सोपा उपाय: अंडी कृत्रिमरीत्या फलित करा, पिल्ले वाढवा आणि नदीत सोडा.

६. या उपायाला १८७१ मध्ये राजाश्रय मिळाला. त्या वर्षी अमेरिकेचा संघीय मत्स्य आयोग स्थापन झाला आणि स्पेन्सर बेअर्ड हे निसर्गशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख झाले. दुसऱ्याच वर्षी लिव्हिंग्स्टन स्टोन यांना कॅलिफोर्नियात मॅकक्लाउड नदीकाठी पाठवण्यात आले. हा विंटू या मूळनिवासी लोकांचा प्रदेश. नदी त्यांची, मासेही त्यांचे. आरंभी तेथे सामन माशाची अंडी गोळा होत. १८७९ पासून रेनबो ट्राउटचीही होऊ लागली. जगभर जे रेनबो आज आढळतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या वंशावळीत या एका नदीचे पाणी आहे. आणि ती नदी? १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणाच्या जलाशयात तिचा खालचा भाग, त्या केंद्राच्या जागेसह, बुडाला.

७. या उद्योगाचे वाहन होते रेल्वे. १८७३ मध्ये स्टोन यांनी एका डब्यात टाक्या बसवून पूर्वेकडचे नानाविध मासे आणि लॉबस्टर कॅलिफोर्नियाकडे नेण्याचा घाट घातला. नेब्रास्कात एल्कहॉर्न नदीवरचा पूल खचला, डबा पाण्यात कोसळला आणि मासे ठरलेल्या मुक्कामाच्या कितीतरी अलीकडेच मुक्त झाले. स्टोन थोडक्यात बचावले. पण आयोगाचा उत्साह बुडाला नाही. पुढे खास मत्स्यवाहक डबे बांधण्यात आले आणि आडमार्गाच्या स्थानकांवर दुधाच्या बरण्यांसारख्या भांड्यांतून पिल्ले उतरवून दिली जाऊ लागली. कोणती जात कोणत्या नदीत शोभेल, हा विचार गौण होता. जिथे रूळ पोहोचले तिथे मासा पोहोचला.

८. १८८३ मध्ये जर्मनीतील बॅरन फॉन बेऱ यांनी फ्रेड मेदर या अमेरिकी मत्स्यपालकाकडे ब्राऊन ट्राउटची अंडी पाठवली. ११ एप्रिल १८८४ रोजी त्या वंशाची ४,९०० पिल्ले मिशिगन राज्यातील पेअर मार्केट नदीच्या एका शाखेत सोडण्यात आली. पुढे अनेक अमेरिकी गळवाल्यांनी या परक्या माशाला नाके मुरडली. तो ब्रुक ट्राउटला हुसकावतो, अशी तक्रार होती. तरीही तो टिकला, कारण जंगले तुटल्याने तापलेले पाणी तो ब्रुक ट्राउटपेक्षा अधिक सोसू शके. बिघडलेल्या नदीला साजेसा मासा आणला गेला, नदी मात्र दुरुस्त झाली नाही. हे वाक्य या साऱ्या इतिहासाचे सार मानायला हरकत नाही.

९. मिशिगनमध्येच या इतिहासाचा सर्वांत करुण अध्याय घडला. तेथे ऑ सेबल नावाची झऱ्यांच्या पाण्याची थंड नदी आहे. तिच्यात ट्राउटच्याच कुळातला, पालासारखा रुंद पाठपर असलेला आर्क्टिक ग्रेलिंग हा मासा विपुल होता. रेल्वे आल्यावर तो पकडण्यासाठी दूरदूरच्या शहरांतून लोक येऊ लागले. रेल्वेवरच्या वसाहतीने आपले नावच बदलून ‘ग्रेलिंग’ ठेवले. मासा भोळा होता. कृत्रिम माशीवर सहज झेपावे. एका दिवसात शेकड्यांनी धरून काठावर सडू दिल्याचे वृत्तान्त त्या काळात आढळतात.

१०. परंतु त्याचा खरा काळ गळ नव्हे, ओंडका होता. पाइनची जंगले तोडून ओंडके वसंतातील पुराबरोबर नदीतून वाहून नेले जात. ग्रेलिंग नेमका वसंतातच नदीच्या तळाच्या वाळू-खड्यांत अंडी घालतो. ओंडक्यांनी तो तळ दरसाल खरवडून काढला, उरलेला काठांवरून आलेल्या गाळाने बुजला. वरून गळ, आणि बाजूने नव्याने सोडलेल्या ट्राउटची स्पर्धा. १९३० च्या दशकात मिशिगनमधून ग्रेलिंग नाहीसा झाला. गावाचे नाव राहिले. नदीही प्रसिद्ध राहिली, पण ट्राउटची नदी म्हणून. तिच्या काठी उभा राहिलेला नवा रसिक ज्या माशासाठी हळवा होत होता, तो पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पाहुणा होता.

११. दुसऱ्या महायुद्धानंतर साधनांचे लोकशाहीकरण झाले. बांबूच्या महागड्या काठीची जागा काचतंतूच्या काठीने घेतली, रेशमाची जागा नायलॉनच्या तंगुसाने, आणि नवशिक्यालाही लांब फेक करता येईल अशी स्थिर फिरकीची रिळे बाजारात आली. मोटारी होत्या, सुट्ट्या होत्या. नद्यांवर गर्दी उसळली. राज्यांच्या मत्स्यविभागांनी तोडगा काढला तो असा: पकडण्याजोग्या आकाराचे ट्राउट हौदात वाढवायचे, हंगामाच्या तोंडावर नदीत ओतायचे आणि परवानाधारकांनी ते काही दिवसांत काढून न्यायचे. नदी म्हणजे जणू दुकानाची मांडणी.

१२. या विचाराचे टोक १९६२ मध्ये ग्रीन नदीवर गाठले गेले. युटा-वायोमिंगच्या सीमेवर फ्लेमिंग गॉर्ज धरण पूर्ण होत आले होते आणि नव्या जलाशयात रेनबो ट्राउट सोडायचे होते. त्याआधी तेथील ‘निरुपयोगी’ मासे हटवावेत म्हणून सप्टेंबरमध्ये नदी आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर लांबीत रोटेनोन हे मत्स्यविष सोडण्यात आले. विष निष्प्रभ करण्याची योजना फसली आणि ते खाली डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या संरक्षित हद्दीत शिरले. मेलेल्या माशांत कोलोरॅडो खोऱ्याबाहेर जगात कोठेही नसलेल्या जाती होत्या. मत्स्यशास्त्रज्ञांनी आधीच विरोध नोंदवला होता. ज्यांना केर म्हणून काढून टाकले, त्यांपैकी काही जातींना अवघ्या दशकभरात त्याच शासनाच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत स्थान द्यावे लागले.

१३. गळवाल्यांच्या जगातही विवेक जागा होत होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ली वुल्फ यांनी १९३९ मध्येच असा विचार मांडला होता की चांगला झुंजार मासा एकदाच पकडून संपवणे ही उधळपट्टी आहे. १९५९ मध्ये ऑ सेबलच्याच काठी, जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी जमलेल्या मूठभर मंडळींनी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था स्थापली. हौदातले मासे ओतण्याऐवजी नदीचे पाणी, तळ आणि सावली जपा, ही त्यांची मागणी. बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांच्या संस्थेने १९७२ पासून पकडलेले मासे जिवंत परत सोडण्याचा पायंडा पाडला. साधनेही त्यानुसार बदलली: उलटा काटा नसलेला किंवा दाबून टाकलेला गळ, ज्याने तोंडाची जखम लहान होते आणि सुटका लवकर होते, गाठी नसलेली मऊ जाळी, जिने खवले व त्यांवरचा संरक्षक चिकट थर कमी निघतो, ओल्या हातानेच मासा धरण्याचा दंडक, आणि पाणी तापले की गळच न टाकण्याची शिस्त.

१४. त्याच सुमारास मोंटाना राज्यात डिक व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर एक साधा प्रश्न विचारला: हौदातले ट्राउट सोडल्याने नदीतले ट्राउट वाढतात का? उत्तर उलटे आले. सोडणे थांबवलेल्या टापूत नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या ट्राउटची संख्या वाढली. १९७४ मध्ये मोंटानाने अशा नद्यांत ट्राउट सोडणे बंद केले. हा संवर्धनाच्या इतिहासातील मोठा क्षण मानला जातो आणि तो आहेच. पण एक बारकावा विसरता कामा नये. मॅडिसनचे हे ‘रानटी’ रेनबो आणि ब्राऊनसुद्धा मूळचे तिथले नव्हेतच. तिथले होते कटथ्रोट ट्राउट आणि ग्रेलिंग. म्हणजे विवेक जागा झाला, तरी त्याची नजर आपल्या आवडत्या माशावरच स्थिर होती.

१५. येथून आपण घरी येऊ. ट्राउट हिंदुस्थानातही आला. १९०० च्या सुमारास विलायतेहून आणलेल्या अंड्यांतून काश्मीरच्या ओढ्यांत त्याची वस्ती झाली. पण मैदानी नद्यांत साहेबांचा लाडका मासा होता महाशीर. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, त्यात महाशीराला मानाचे पान होते. त्याच्याही आधी, १८३९ मध्ये, कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यात एका महाशीराला त्यांनी ‘खुद्री’ हे नाव दिले. तो नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेला होता. निळसर परांचा हा दख्खनी महाशीर शास्त्राच्या दप्तरात पुणेकर म्हणून दाखल आहे.

१६. विसाव्या शतकात धरणे, सुरुंगाने केलेली मासेमारी आणि सांडपाणी यांनी महाशीर झपाट्याने घटला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकारंभी महाशीराचे बीजोत्पादन केंद्र सुरू केले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी प्रौढ माद्यांपासून अंडी मिळवून ती फलित करण्याचे तंत्र बसवले. महाशीराची अंडी थोडी, वाढ सावकाश. काम चिकाटीचे होते. येथील बोटुकली देशातल्या अनेक जलाशयांना आणि नद्यांना पुरवण्यात आली. एका संकटग्रस्त माशासाठी एखाद्या उद्योगाने इतकी वर्षे सातत्याने काम करावे, ही गोष्ट खरोखर दुर्मिळ आहे.

१७. याच बोटुकलीपैकी काही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कावेरीत सोडण्यात आली. हेतू शुद्ध होता. कावेरीतही महाशीर घटत होता. पण कावेरीचा महाशीर वेगळा. त्याच्या खांद्यावर उंचवटा, पर नारिंगी आणि देह प्रचंड. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत गळाने धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा विक्रमी मासा याच जातीचा. कावेरीच्या खोऱ्याबाहेर तो कोठेही नाही. नव्या पाण्यात दख्खनी महाशीर रुजला, फोफावला. आणि मूळचा मालक दिसेनासा होऊ लागला. २०१८ मध्ये जेव्हा त्याची शास्त्रीय ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी निश्चित झाली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त होता. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग हेही गुन्हेगार आहेतच. पण संवर्धनासाठी सोडलेला मासाही त्या आरोपपत्रात आहे.

१८. हे उघडकीस कसे आले, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष मोलाची बाब. कावेरीकाठच्या शिबिरांत येणारे गळवाले मासा सोडून देण्यापूर्वी त्याची जात आणि वजन वहीत नोंदवीत. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला: दख्खनी महाशीराचा आकडा चढत गेला आहे, उंचवट्याचा महाशीर जवळजवळ नाहीसा होत आला आहे. कोणत्याही सरकारी खात्याकडे अशी सलग नोंद नव्हती. जे लोक केवळ मौजेसाठी येत होते, त्यांच्या बाडातून एका जातीच्या ऱ्हासाचा पुरावा निघाला. छंद हा दोषी असू शकतो आणि साक्षीदारही.

१९. ही जाणीव आता अन्यत्रही रुजते आहे. मिशिगनमध्ये २०१६ पासून राज्याचा निसर्गसंपदा विभाग आणि लिटल रिव्हर बँड ऑफ ओटावा इंडियन्स हा मूळनिवासी समाज यांनी मिळून ग्रेलिंग परत आणण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. त्यासाठी अंडी अलास्काहून आणावी लागली, कारण स्थानिक वंश उरलेला नाही. ज्या ग्रीन नदीत एकेकाळी ट्राउटसाठी विष ओतले, तिच्यातून आणि यांपा नदीतून आज उरल्यासुरल्या मूळ माशांना वाचवण्यासाठी लहान तोंडाचे बास शासन वेचून बाहेर काढते आहे. ज्या माशाची मिरवणूक इंजिनामागून निघाली होती, त्याच्याच कुळाला काही नद्यांत आता निरोप दिला जातो आहे.

२०. म्हणून प्रश्नाचे माझे उत्तर असे. बीजोत्पादन केंद्रे वाईट नव्हेत. गळाचा छंदही वाईट नव्हे. चूक घडली ती मासा आणि नदी यांना एकमेकांपासून सोडवून पाहण्यात. मासा म्हणजे बरणीतून कोठेही नेऊन ओतता येणारी वस्तू, हे गृहीत एकदा धरले की पुढे विषही ओतता येते आणि प्रेमही. परिणामात फारसा फरक पडत नाही. यापुढे ‘अमुक लाख बोटुकली नदीत सोडली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: ही जात याच नदीची आहे का? आणि मुळात ती ज्या कारणाने संपली, ते कारण दूर झाले आहे का?

२१. हे सूत्र लिहिताना एका संध्याकाळी मी मुठेच्या पुलावर उभा होतो. खाली काळे पाणी, जलपर्णी आणि दरवळ. साइक्स यांच्या खुद्रीचा जन्मदाखला याच मुळा-मुठेचा. जगाच्या यादीत या जातीची स्थिती आता चिंताजनक मानली जात नाही, कारण ती इतरत्र भरपूर आहे; कावेरीत तर नको इतकी. जिथून तिचे नाव निघाले, त्या पाण्यात मात्र तिला श्वास घेता येणार नाही. मासा वाचला, नदी हरवली. याला यश म्हणायचे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

सूत्र समाप्त. दुरुस्त्या आणि पूरक माहिती यांचे स्वागत आहे. विशेषतः आपल्या गावच्या नदीत आजोबा-पणजोबांच्या काळी कोणते मासे होते आणि त्यांना काय नावे होती, हे कोणास ठाऊक असल्यास अवश्य लिहावे. अशी नावे जपणे हेही संवर्धनच आहे.